गोचीड, कसर, उंदीर : वावरातलं औषध घरात आणायच्या आधी

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. दारव्ह्याजवळच्या गावात मातीच्या भिंतींचं जुनं घर, अंगणातच गोठा. मोती नावाचा गावठी कुत्रा, एक मांजर आणि तिची पिल्लं. सासऱ्यांनी जमवलेली पुस्तकांची दोन कपाटं, पलंगाखाली दिवाळी अंकांचे गठ्ठे. मोतीला गोचीड, पुस्तकांना कसर, कपाटामागे उंदीर, मांजर वर्तमानपत्रांच्या ढिगावर मुततं, भाकर टाकली की मोती तोंड फिरवतो आणि शेवटी मुंग्याच जेवून जातात. यजमान म्हणतात, वावरातलं फवारणीचं औषध शिल्लक आहे, एकदाचं सगळीकडे मारून टाकू. चालेल का?

नाही चालणार. तालुक्याच्या दवाखान्यात बरीच वर्षं ढोरं, कुत्री, मांजरं पाहत आलो. गोचिडीनं मेलेलं मांजर मला आठवत नाही; गोचिडीच्या औषधानं मेलेली मांजरं आठवतात. उंदरानं कुत्रं सहसा मरत नाही, उंदराच्या औषधानं मरतं. तुमच्या कटकटी सुट्या सुट्या नाहीत. एकीवर घाईत केलेला उपाय दुसऱ्याच कोणाच्या जिवावर उठतो, म्हणून सगळं एकत्रच सांगतो.

आधी ती फवारणीची बाटली. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना शेतकऱ्यांना, मजुरांना विषबाधा झाली, माणसं दगावली, हे आपल्याकडे कोणाला नव्यानं सांगायला नको. ते उघड्या वावरात झालं. तेच औषध बंद खोलीत, सारवलेल्या जमिनीवर मारलं तर ते तिथंच मुरून राहतं. कुत्रं जमिनीला पोट टेकून झोपतं. मांजर दिवसभर पंजे चाटून अंग साफ करतं, म्हणजे जमिनीवर जे मारलं ते त्याच्या पोटात जातं. ऑर्गॅनोफॉस्फेट या कीटकनाशकांच्या गटातलं विष असेल तर तोंडाला लाळ सुटते, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होतात, जागेवरच हगणं-मुतणं, मग अंगाला थरथर. उतारा म्हणून ॲट्रोपिनचं इंजेक्शन आहे, पण ते वेळेत मिळालं तर.

घरात थिमेटचा जुना डबा आहे का, तेही बघून घ्या. साप येऊ नये म्हणून कोपऱ्यात थिमेटचे दाणे टाकायची सवय गावोगावी होती. थिमेट म्हणजे फोरेट हे दाणेदार कीटकनाशक; त्याच्या वापरावर देशात ३१ डिसेंबर २०२० पासून पूर्ण बंदी आहे. तरी माळ्यावर एखादा डबा निघतोच. निघाला तर उघडू नका, नाल्यात तर अजिबात फेकू नका. कुलपात ठेवा आणि त्याचं काय करायचं ते सहायक कृषी अधिकाऱ्याला (पूर्वीचे कृषी सहायक) विचारा.

आता गोचीड. इथं जरा जास्त वेळ घेतो, कारण सगळ्यात जास्त गैरसमज इथंच आहेत.

गोठा शेजारीच आहे म्हणून सगळ्यांना वाटतं की गाईची गोचीड कुत्र्यावर चढली. बहुतेक वेळा तसं नसतं. गाईवर दिसणाऱ्या नेहमीच्या गोचिडीतली मुख्य जात आपलं सगळं आयुष्य एकाच ढोरावर काढते. कुत्र्याची तपकिरी गोचीड वेगळी. ती आयुष्यात तीनदा कुत्र्यावर चढते. अगदी बारीक असताना, मग मधल्या वयात, मग मोठी झाल्यावर. दर वेळी रक्त पिते आणि खाली उतरते. मधला सगळा काळ ती तुमच्या घरात असते. रक्त पिऊन फुगलेली मादी भिंतीच्या फटीत शिरते, तिथं हजारो अंडी घालते आणि मरते. म्हणजे मोतीच्या अंगावर जेवढ्या दिसतात त्या थोड्याच. खरी फौज घरात. गोठा फवारून मोतीच्या गोचिडी जात नाहीत त्या यामुळेच.

आणि ही गोचीड वर चढते. रात्री दिवे मालवून बॅटरी घ्या आणि मोती जिथं झोपतो तिथल्या भिंतीवर खालून वर उजेड टाकत जा. चौकटीचा वरचा कोपरा, कॅलेंडरची मागची बाजू, फोटोच्या फ्रेमा, आढ्याचं लाकूड, आणि हो, पुस्तकाच्या कपाटाची पाठ. वाटाण्याएवढ्या राखाडी फुगलेल्या माद्या आणि जिरं सांडावं तशा बारीक तपकिरी गोचिडी तुम्हाला तिथं सापडतील. चिमट्यानं उचलून साबणाच्या पाण्यात टाका. नखानं चिरडू नका, त्यांच्या पोटातलं रक्त हाताला लागलेलं बरं नाही.

भिंतीच्या फटी बुजवणं हा या कामातला सगळ्यात कंटाळवाणा आणि सगळ्यात उपयोगी भाग. मातीची भिंत असेल तर गाळलेल्या मातीत शेण कालवून फटी दाबून भरा, वाळल्यावर चुना मारा. मोतीचं पोतं दर आठवड्याला उकळत्या पाण्यात काढा आणि उन्हात टाका. आपल्याकडचं वैशाखातलं ऊन एरवी जीव नकोसा करतं, इथं ते कामाला येतं.

मोतीच्या अंगासाठी औषध लागेलच. पण त्याआधी त्याचं वजन हवं, कारण मात्रा वजनावर ठरते. 'मध्यम कुत्रा आहे' एवढं सांगून दुकानातून औषध आणू नका. घरी कापूस मोजायचा काटा असेल तर त्याला पोत्यात बसवून टांगा; नाहीतर साध्या काट्यावर यजमानांनी त्याला उचलून उभं राहावं आणि मग आपलं वजन वजा करावं. चघळायच्या गोळ्या आता तालुक्याच्या गावी मिळतात. काही महिनाभर काम करतात, फ्लुरालेनरची गोळी १२ आठवडे. महाग वाटते, पण तिचा मोठा फायदा असा की औषध कुत्र्याच्या रक्तात राहतं, कातडीवर काही लागत नाही आणि मांजर चाटायला जात नाही. मोतीला कधी झटके येऊन गेले असतील तर मात्र ही गोळी द्यायच्या आधी डॉक्टरांना सांगा. पाण्यात कालवून लावायचं औषध वापरणार असाल तर प्रमाण लेबलवरचंच, अंदाजानं नाही. आणि अंग पूर्ण वाळेपर्यंत मोती बांधलेला, मांजर दुसऱ्या खोलीत. एकदा लावलं आणि संपलं असं होत नाही. फटीतली अंडी फुटत राहतात, म्हणून तीन-चार महिने नेटानं करावं लागतं.

रॉकेल, जळकं ऑईल, तंबाखूचं पाणी हे काहीही लावू नका. कातडी सोलून निघते आणि चाटलं की पोटात जातं. गाईचं इंजेक्शन उरलंय म्हणून तेच कुत्र्याला टोचून घेणारेही भेटतात. गाईची मात्रा कुत्र्याला चालत नाही.

मोती भाकर पाहून तोंड फिरवतो, याचा संबंध मी आधी जेवणाशी नाही, गोचिडीशी लावीन. त्याचा ओठ वर करून हिरड्या बघा. गुलाबी असतील तर ठीक. पांढुरक्या असतील, लघवी काळपट तांबडी होत असेल, नाकातून रक्त आलं असेल, ताप असेल (कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, म्हणून हातानं अंग गरम लागलं एवढ्यावरून ठरवू नका), तर हा गोचीड ताप असू शकतो. रक्ताचा थेंब काचेवर घेऊन तपासतात. एर्लिकिया नावाचा जंतू निघाला तर जवळपास महिनाभर गोळ्या चालतात, बबेसिया निघाला तर औषध वेगळं. दोन्ही बरे होतात, उशीर केला नाही तर.

आता मांजर. एका दुपारी एक काका सायकलच्या हँडलला थैली अडकवून आले. थैलीत मांजर. 'डॉक्टर, बुढीनं कुत्र्याच्या गोचिडीचं औषध हिच्याबी मानंवर टाकलं. एकच थेंब म्हणते.' थैली उघडली तर मांजराचे कान आपोआप फडफडत होते, पाठीची कातडी लाटेसारखी हलत होती, जराशा आवाजानंही चारही पाय ताठ होत होते. परमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन हा गट कुत्रं पचवतं, मांजर पचवू शकत नाही, त्याच्या लिव्हरकडे ते मोडायची सोयच फार कमी. आम्ही भांडी घासायच्या साबणानं कोमट पाण्यात तिला धुतलं, टॉवेलात गुंडाळलं, झटके थांबवायची औषधं दिली. ती वाचली. सगळी वाचत नाहीत. बाटलीवर मांजराचं चित्र किंवा नाव नसेल तर ते औषध मांजरासाठी नाही, एवढं घरात सगळ्यांना सांगून ठेवा. मुंग्यांचा पांढरा खडूदेखील याच कुळातला.

त्याच कारणानं पॅरासिटामॉल. मांजर मलूल दिसलं म्हणून पोरांच्या तापाची अर्धी गोळी दुधातून देतात. ५०० मिलिग्रॅमची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. फिनाईलही मांजराला घातक, ते जमिनीवर चालतं आणि मग पंजे चाटतं.

उंदरांकडे येऊ. विषाच्या दोन जाती आपल्या बाजारात जास्त दिसतात. एक काळी पूड, झिंक फॉस्फाइड. पोटातल्या आम्लाशी गाठ पडली की त्यातून फॉस्फिन वायू सुटतो, त्याला उतारा नाही. कुत्र्यानं ते खाल्लं की लोक धावत दूध, तूप, अंडं पाजतात. यात काही भरवू नये. मिठाचं पाणी पाजून ओकवायचा प्रयत्न तर कुठल्याच विषात करू नका, मिठानंच कुत्रं दगावतं. आणि ते ओकलं तर दारं-खिडक्या उघडून तुम्हीही लांब व्हा, तो वायू माणसालाही बाधतो. दुसरी जात निळ्या-हिरव्या वड्यांची, ब्रोमाडिओलोन. याचं फसवं असं की खाल्ल्यावर तीन-चार दिवस जनावर ठणठणीत असतं, मग आतून रक्त वाहायला लागतं. धाप लागते, हिरड्या पांढऱ्या पडतात. विषारी उंदीर खाल्लेल्या मांजरालाही हे होऊ शकतं. याला उतारा आहे, व्हिटॅमिन के-१, पण तो काही आठवडे द्यावा लागतो आणि त्यासाठी कुठलं विष होतं हे आम्हाला कळायला हवं. म्हणून येताना विषाचं पाकीट सोबत आणा, फाटकं असलं तरी. अडलं तर १९६२ या क्रमांकावर विचारा. पशुवैद्यकीय फिरत्या पथकाचा तो टोल-फ्री नंबर आहे.

तुमच्या घरात विषाची गरजच पडू नये. ज्वारी-तूर पत्र्याच्या झाकणबंद कोठीत, ढेपेचं पोतं गोठ्यात पाटावर उचललेलं आणि तोंड बांधलेलं (सरकीची ढेप कुत्र्यानं चघळलेलीही बरी नाही, त्यातलं गॉसिपॉल हृदयाला त्रास देतं), मोतीचं उष्टं रात्रभर ताटलीत नको. मग पिंजरा. चपातीच्या तुकड्यापेक्षा तेलात तळलेल्या भज्यावर किंवा भाजलेल्या खोबऱ्यावर उंदीर लवकर येतो. पिंजरा भिंतीला लागून ठेवा, उंदीर खोलीच्या मधून चालत नाही. चिकट पुठ्ठे पिल्लं घरात असेपर्यंत नकोत. एखादं चिकटलंच तर ओढू नका, गोडेतेल चोळून सोडवा.

मांजराला उपाशी ठेवलं की ते जास्त उंदीर मारतं, हे तुमच्या सासूबाईंचं म्हणणं मी आदरानं खोडतो. मांजराची शिकार भुकेवर चालत नाही, ते पोटभर जेवूनही दबा धरून बसतं. उपाशी मांजर फक्त शेजारच्या घरी जातं.

आता पुस्तकं. उन्हाळ्यात कूलर कुठल्या खोलीत लावता? पुस्तकं असलेल्या खोलीत लावत असाल तर तुमच्या कसरीचं मूळ तिथं आहे. कसर म्हणजे तो चंदेरी, लांब शेपटीचा, उजेड पडला की पळणारा किडा. त्याला दमट हवा आणि खळ लागते. जुन्या बांधणीतली मैद्याची खळ त्याचं आवडतं खाणं. आपल्याकडचा उन्हाळा कोरडा ठाक, पुस्तकांना खरं तर उत्तम. आपणच वाळ्याच्या ताट्यांतून दमट वारा त्यांच्यावर तीन महिने सोडतो आणि मग मृग लागला की निसर्ग पुढचं काम करतो. कूलर दुसरीकडे हलवा. (कूलरचं अर्थिंगही तपासा. ओल्या जमिनीवर टाकीतलं पाणी चाटायला गेलेली कुत्री शॉक लागून मरतात, आणि रांगती पोरंही.)

कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढा. मागून उधई मातीची नळी करत वर चढत असेल तर ती दिसली पाहिजे, आणि मघाशी सांगितलेल्या गोचिडी पण. खालचा कप्पा रिकामा ठेवा. पुस्तकं एकेक काढून सावलीत, वाऱ्यावर उभी उघडून ठेवा. थेट उन्हात कागद पिवळा पडतो आणि पुठ्ठा वाकतो. मऊ ब्रशानं कण्याजवळची धूळ काढा, अंडी तिथंच असतात. फार लागण झालेलं पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून फ्रीजरमध्ये आठवडाभर ठेवता येतं, पण आपल्याकडे लाईट जाते-येते, त्यामुळे त्यावर फार भरवसा नको. कडुलिंबाचा पाला घालायचा तर कडक वाळलेला. ओला घातला तर बुरशी तुम्हीच आणली.

डांबर गोळ्या मात्र काढून टाका. त्या कपाटात ज्या खणात मांजरीनं पिल्लं आणून ठेवली आहेत असं तुम्ही लिहिलंय, त्याच खणात गोळ्या आहेत. नॅप्थालीनचा वास पिल्लांना बाधतो, आणि गोळी कुत्र्यानं गिळली तर रक्तपेशी फुटतात. पिल्लं तिथून हलवायची असतील तर शेजारी पुठ्ठ्याचा खोका, त्यात तुमची जुनी सुती साडी, तीन बाजू बंद. मांजर स्वतः पिल्लं नेईल, तुम्ही हात घालू नका.

दिवाळी अंकांबद्दल माझं मत कडवट आहे. वाचणारा माणूस म्हणून बोलतो: पलंगाखालच्या गठ्ठ्यातला अंक कोणी परत वाचत नाही, पण द्यायलाही मन होत नाही. तिथं उंदरीण घर करते आणि अंक कुरतडून पिल्लांना गादी करते. हवे तेवढे निवडून कपाटात घ्या. बाकीचे जवळच्या सार्वजनिक वाचनालयाला विचारा. आपल्या भागात 'ड' वर्गाची छोटी वाचनालयं बरीच आहेत आणि नव्या खरेदीला त्यांच्याकडे पैसे थोडेच असतात.

वर्तमानपत्रावर मुतणारं मांजर म्हणजे पिल्लांची आईच, भाटी (मादी). ती खोडकरपणानं करत नाही. पिल्लं झाल्यावर तिला लांब अंगणात जायचं नसतं, मोतीही तिथं असतो. एका जुन्या घमेल्यात चार बोटं बारीक वाळू घालून त्याच खोलीत, पण जेवणाच्या वाटीपासून लांब ठेवा. रोज खडे काढा. घाण झालेलं घमेलं ती वापरणार नाही, परत कागदावर जाईल. गावातला एखादा बोका सारखा मुतायला बसतो आणि थेंबही येत नाही असं दिसलं तर मात्र त्याच दिवशी दवाखाना. मुतखड्यानं मूत्रमार्ग अडतो आणि बोका एक-दोन दिवसांत मरतो. पिल्लं दूध सोडतील तेव्हा हिचं ऑपरेशन करून घ्या, नाहीतर पुढच्या हंगामात हाच प्रश्न दुप्पट होऊन येईल.

खाण्याचं थोडक्यात. मोतीच्या हिरड्या, ताप ठीक असेल तर त्याला भाकर नको झालीय ती तर्रीमुळे. आपल्याकडे उरलेल्या रश्श्यात भाकर कुस्करून देतात. त्यात तिखट, मीठ, आणि खूप कांदा-लसूण. कांदा-लसूण कच्चा असो की शिजलेला, कुत्र्यामांजराच्या तांबड्या रक्तपेशी फोडतो. पोळ्याला उरलेला मसाल्याचा रस्सा त्याला प्रेमानं देऊ नका. फोडणीआधी वरण बाजूला काढा, ज्वारीची भाकर त्यात भिजवा, वर उकडलेलं अंडं किंवा कोंबडीचे तुकडे. शिजवलेली हाडं नकोत, ती फुटून आतड्यात रुततात. मनुका-द्राक्षं नकोत. दही चालतं. मांजराचं वेगळं: दूध-पोळीवर ते जगतं, पण बरं राहत नाही. त्याला मांसातून मिळणारं टॉरिन लागतं, ते नसलं तर डोळे आणि हृदय बिघडतं. कोंबडी उकडली तर ते पाणी फेकू नका, टॉरिन त्यात उतरतं. दुधानं मोठ्या मांजरांना बऱ्याचदा ढाळ लागते. घरात मांस-अंडी चालत नसतील तर मांजराचं तयार खाद्य आणा. कुत्र्याचं खाद्य मांजराला देऊन भागत नाही.

मुंग्यांचं सोपं आहे. परातीत पाणी, त्यात वाटी. अर्ध्या तासात जे उरलं ते उचला.

तुम्ही विचारलं नाही तरी एक लिहितो, घरात पोरं आहेत म्हणून. मोतीला आणि मांजरीला रेबीजची लस दरवर्षी. पिल्लांना तीन महिन्यांची झाली की पहिली. कुठल्याही कुत्र्यामांजरानं चावलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पुरती १५ मिनिटं धुवायची, घड्याळ लावून. तिखट, चुना, हळद भरायची नाही. मग त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र. लसीच्या पुढच्या तारखा तिथं लिहून देतील, एकही चुकवायची नाही. मांजरानं नुसतं ओरबाडलं आणि रक्त आलं, तरी हेच.